पाठीवरून पाहिलेले सामने

बालमित्रांनो व सुज्ञ वाचकहो, मी आज माझे जीवनवृत्त आपणांसमोर यथाशक्ती निवेदन करणार आहे. त्यात माझा जन्म येईल, माझी सेवेची वर्षे येतील, मला लाभलेली शाबासकी येईल, आणि अखेर एका दुपारी माझ्या श्वासावर जे संकट आले तेही येईल. जे घडले तेच सांगेन. कोणाची निंदा करण्याचा माझा हेतू नाही.

मी एक जुनी चहाची टाकी आहे. मी स्वयंपाकघरात राहिलेली नाही. माझे सारे आयुष्य माणसाच्या पाठीवर गेले. मोठ्या मैदानावर क्रिकेटचा सामना रंगलेला असतो, हजारो माणसे पायऱ्यापायऱ्यांवर दाटीने बसलेली असतात आणि त्यांच्यामधून एक मनुष्य पाठीवर दप्तरासारखे काहीतरी चकाकणारे घेऊन चढत असतो, हे तुम्ही पाहिले असेल. कदाचित नसेलही पाहिले, कारण त्या वेळी तुमचे डोळे चेंडूवर असतात. ते चकाकणारे म्हणजे मी.

माझा जन्म सुरत शहरात उधना येथे छगनभाई नावाच्या वृद्ध कारागिराच्या हातून झाला. त्यांनी एकात एक असे दोन पत्र्यांचे डबे केले व मध्ये उष्णता धरून ठेवणारा थर भरला. मला पितळेची तोटी बसवली, खांद्यांसाठी दोन रुंद पट्टे लावले, आणि घट्ट झाकणाला रबरी वायसर घातला. सर्वांत शेवटी त्यांनी झाकणाच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढे एक भोक पाडले. मला न्यावयास आलेल्या माणसाला ते बोट दाखवून म्हणाले, "आ काणुं कोई दिवस बंध नहीं करवानुं. ए एनुं नाक छे."

त्या वेळी मला या वाक्याचा अर्थ कळला नाही. टाकीला नाक कशाला, असे मला वाटले. मित्रांनो, वरून हवा आत आली तरच खालून चहा बाहेर पडतो. वरचे भोक बंद झाले की भरलेली टाकीसुद्धा हट्टी होऊन बसते. हे शास्त्र मला पुढे फार किंमत देऊन समजले.

मैदानावर खाण्यापिण्याची व्यवस्था पाहणाऱ्या ठेकेदाराकडे आम्ही सहा टाक्या होतो. माझ्या पोटावर लाल रंगाने चारचा आकडा काढण्यात आला. क्रिकेट, कबड्डी, शाळाशाळांच्या स्पर्धा, जेथे गर्दी तेथे आम्ही. माझ्यात बारा लिटर चहा मावतो. आरंभीची तीन वर्षे मला निरनिराळ्या माणसांनी वाहिले. कोणी मला भिंतीवर आपटले, कोणी रात्रभर न धुता ठेवले, त्यामुळे माझ्या पोटात आंबट वास राहू लागला. नंतर निंबा आला.

निंबा हा अमळनेरकडचा. त्याने गोडादऱ्याजवळच्या लूमच्या कारखान्यात एकवीस वर्षे माग चालवले होते. नवी यंत्रे आली, जुना कारखाना बंद झाला, आणि पन्नाशीला टेकलेला निंबा आमच्या मैदानावर आला. मागांच्या खडखडाटाने त्याचे कान निम्मे गेले होते. मुकादम भूपेंद्रभाईंनी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. "बहेरा आदमी स्टेडियममें क्या सुनेगा?"

परंतु मित्रांनो, ज्या ठिकाणी चाळीस माग एकदम चालतात त्या ठिकाणी कोणीच कोणाचे ऐकत नसते. तेथे माणसे ओठ वाचतात व बोटांनी बोलतात. मैदानावर षटकार गेला की जो गलका उठतो, त्यात चांगल्या कानांचे विक्रेतेही बावरून उभे राहत. निंबा मात्र बारा रांगा वरच्या माणसाचे ओठ पाही, दोन बोटे वर करून विचारी, आणि तो मनुष्य मान हलवेपर्यंत निंबा निम्मे अंतर चढून गेलेला असे. दुसऱ्या सज्जात दोन नंबरची टाकी वाहणारा भिकन हाही जुना लूमवालाच. ते दोघे मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांनी गप्पा मारत.

महिन्याभरात भूपेंद्रभाईच सर्वांना सांगू लागले, "निंबाकाका तो दूरबीन छे, दूरबीन!"

ती शाबासकी ऐकून माझा पत्रा अभिमानाने तापला. (चहा गरम होता, हेही कारण असेल.)

आता एक विलक्षण गोष्ट सांगते, ती नीट ध्यानात घ्या. चहा विकणारा मनुष्य प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहतो. त्याची पाठ नेहमी मैदानाकडे असते. मी त्याच्या पाठीवर असल्यामुळे माझे तोंड सदैव मैदानाकडे. अशा रीतीने पाच वर्षांतले सगळे सामने मी पाहिले आणि निंबाने एकही पाहिला नाही. फलंदाज बाद झाला हे त्याला लोकांच्या चेहऱ्यावरून कळे. चौकार गेला की त्याच्या हातातला पेला कोणीतरी धक्क्याने सांडवी. मला त्याला फार सांगावेसे वाटे की, निंबा, चेंडू उंच गेला आहे, तिकडे तो उंचापुरा गडी धावतो आहे, वळ रे, एकदा वळून बघ! पण मला वाचा नव्हती, आणि त्याला सवड नव्हती. वर चढा, वाका, तोटी सोडा, पेला द्या, खाली उतरा, पुन्हा भरा, पुन्हा वर चढा.

तसेच मी त्याचा चेहराही कधी धड पाहिला नव्हता. मला त्याची पाठ ठाऊक होती. पहिल्या वर्षी ती सरळ होती. दुसऱ्या वर्षी डावा खांदा खाली आला. पुढे दर पायरीला कमरेत बारीकशी कळ येई, ती मला पट्ट्यांतून समजे. टाकी सज्जात खाली ठेवावयाची नाही, असा मैदानाचा नियम होता. पूर्वी एकदा कोणाचा तरी पाय लागून एक टाकी कलंडली होती, तेव्हापासूनचा. त्यामुळे सामना संपेपर्यंत मी त्याच्या पाठीवरच असे. आणि खेदाने सांगावे लागते की वयोमानानुसार माझ्या दोन पत्र्यांमधला थर खाली बसत चालला होता. जी ऊब मी पोटात धरावयाची, ती आता त्याच्या पाठीत शिरू लागली. मी त्याला भाजत होते. माझा इलाज नव्हता.

अशात यंदाच्या मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना आला. मैदानात नवी विक्रीकेंद्रे उभी राहिली होती. तेथे बटण दाबले की यंत्रातून चहा येई आणि एकसारख्या टोप्या घातलेली तरुण मुले तो देत. भूपेंद्रभाईंनी आम्हा सहाही टाक्यांच्या माणसांना एकत्र बोलावले व म्हणाले, "देखो, ऊपरवाले बोलते हैं, अगली बारीसे सिर्फ तीन टाकी रखनेकी. फायनलमें जिसके फेरे कम, उसका पास जमा. मेरे हाथमें कुछ नहीं, काका."

पास म्हणजे गळ्यात अडकवण्याचे ओळखपत्र. तो नसेल तर दरवाजातून आत जाता येत नाही. निंबाने आपला पास मुठीत धरला. परत जाताना भिकनने विचारले, "तुना पास गया त काय करशी?"

"चलथाणले जासू. साखर कारखानाम्हा, उसना गाड्या खाली कराले."

"ह्या कंबरवर?"

त्या कमरेवर ते काम होणार नाही, हे त्या दोघांनाही माहीत होते आणि मलाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी टाकी घरी नेऊन स्वच्छ घासून आणावी, अशी आमच्याकडे पद्धत होती. त्याप्रमाणे मी गोडादऱ्याला निंबाच्या खोलीत गेले. त्याची पत्नी मालतीबाई पर्वत पाटियाच्या व्यापाऱ्यांकडून साड्या आणून घरी काठ शिवून देत असे. तिने नवऱ्याच्या पाठीवरचे लाल चट्टे पाहिले. मग तिने मला जवळ ओढले, फुटपट्टीने माझा घेर मोजला, आणि यंत्रावर बसली.

निंबा बाहेरून आला. "काय करी राहिनी वं?"

"टाकीले झबलं शिवी राहिनू."

"तिले थंडी वाजस का?"

"तिले नही वाजत. तुमनी पाठ जळस म्हनीसन. आनि बोलू नका, दोरा चुकस."

मित्रांनो, त्या झबल्याचे मी काय वर्णन करू! बाहेरून जांभळ्या साडीचे कापड, मध्ये चिंध्यांचा जाड गादीसारखा थर, आणि चहाचा ओलावा चिंध्यांत मुरू नये म्हणून आतून साडीच्या पिशवीचे पारदर्शक प्लास्टिक. झाकणासाठी वेगळी टोपी, तिला गच्च नाडी, आणि टोपीच्या कडेला दोन बोटे रुंद जरीचा काठ. जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या साड्यांना काठ लावले, तिने त्या दिवशी मला काठ लावला. इतक्या वर्षांत प्रथमच कोणीतरी मला जपले होते. माझे नाक त्या प्लास्टिकखाली झाकले गेले आहे, हे मला कळले. पण त्या आनंदात मी त्याचा विचार केला नाही. विचार केला असता तरी सांगणार कसे?

अंतिम सामना दुपारचा होता. ऊन तापलेले होते, तरी सुरतेच्या माणसाच्या चहाआड ऊन येत नाही. निंबा मला घेऊन सज्जात शिरताच भिकन ओरडला, "अरे, वऱ्हाड कोठे चाललं? नवरी त सजाडेल शे!"

"घरमानसनी शिवं," निंबा म्हणाला. त्याच्या पाठीचे दोन्ही स्नायू सैल होते. चटका बसत नव्हता. तो ताठ चालत होता.

पहिले आठ-दहा पेले सुरळीत भरले. मग धार बारीक झाली. मग थेंब. आतून चहा खाली उतरू पाहत होता, आणि वरचे प्लास्टिक हवेच्या ओढीने माझ्या भोकावर चिकटून बसले होते. माझा जीव कोंडला. निंबाने तोटी उघडझाप केली, तिच्यावर टिचकी मारली. एक गृहस्थ हातात रिकामा पेला घेऊन म्हणाले, "काका, चा आपो छो के आँखमां टीपां नाखो छो?"

सारी रांग हसली. पाठीमागून कोणीतरी मराठीत भर घातली, "टाकीला मूतखडा झालाय, डॉक्टरला दाखवा!"

निंबाला वाटले, तोटीत चहाची पत्ती अडकली आहे. तो खाली उतरला, टोपीची नाडी सोडली, झाकण काढले, आणि खिशातील हुकाने तोटी साफ केली. मागावर तुटलेला धागा ओढून घेण्याचा तो बारीक हुक कारखाना सुटला तरी त्याच्या खिशातून सुटला नव्हता. झाकण उघडताच हवा आत आली व धार मोकळी झाली. रोग बरा झाला, असे समजून त्याने मला पुन्हा भरले, झाकण लावले, टोपी चढवली, आणि मालतीबाईने शिकवल्याप्रमाणे नाडी पहिल्याहूनही घट्ट बांधली. आठ-दहा पेले, आणि पुन्हा थेंब.

असे तीन वेळा झाले. दर वेळी तो तोटीला दोष देई, तोटी घाशी, आणि दर वेळी माझे नाक स्वतःच्या हाताने बांधी. इतर टाक्यांच्या सात फेऱ्या झाल्या तेव्हा निंबाच्या चार झाल्या होत्या. भूपेंद्रभाई कठड्याजवळ उभे राहून पाहत होते. "क्या हुआ, काका? पाच साल दूरबीन था, आज चश्मा भी नहीं?"

निंबाने मान खाली घातली आणि वेग वाढवला. पायऱ्या चढताना त्याचा श्वास माझ्या पट्ट्यांवर आदळत होता. मीही गुदमरलेली, तोही गुदमरलेला. आम्हा दोघांपैकी कोण कोणाला वाहत होते हे सांगणे कठीण झाले.

तेवढ्यात समोरच्या सज्जातून भिकनने हात वर केला. त्याने माझ्याकडे बोट दाखवले आणि आपले नाक चिमटीत धरले. निंबाला वाटले, चहाला वास येतो आहे, दूध फाटले असावे. त्याने पेल्याचा वास घेतला, घोटभर पिऊन पाहिला, आणि 'चांगला आहे' अशी खूण केली. भिकनने पुन्हा नाक धरले. निंबाने पुन्हा वास घेतला. शेवटी भिकन आपली टाकी घेऊन धापा टाकत आमच्या सज्जात आला व त्याच्या कानाशी ओरडला.

"अरे बापा, नाक बांधं तू टाकीनं! वरनं काणं! टोपी फाडी टाक!"

निंबाचा हात टोपीवर गेला. बोटांनी वरून चाचपले. खालचे प्लास्टिक भोकात ओढले गेले होते, तेथे छोटा खळगा पडला होता. त्याला सर्व समजले.

"टोपी काढीसन फेकी दे ना!" भिकन म्हणाला. "तीन षटकं राहिनात. भूपेंद्र देखी राहिना."

टोपी काढून फेकणे हे क्षणाचे काम होते. पण निंबाने तसे केले नाही. त्याने जे केले ते शहाणपणाचे नव्हते, हे मी जाणते. त्याने खांद्यावरचे पट्टे काढले, मला पायरीवर ठेवले, आणि माझ्यासमोर बसला. नियम मोडला. टोपी सोडून मांडीवर उलटी घेतली, खिशातील हुक काढला, व मधोमध जेथे मालतीबाईच्या शिवणी एकमेकींना छेदत होत्या, तेथला एकेक टाका उसवू लागला. एकही धागा तोडला नाही. मागावरच्या माणसाचा हात धागा तोडू शकत नाही, तो सोडवतो. मग त्याने आतल्या प्लास्टिकला नेमके ज्वारीएवढे भोक पाडले. एवढ्या कामाला जेवढा वेळ लागावयाचा तेवढा लागला.

आणि मित्रांनो, त्या वेळात दोन गोष्टी घडल्या. मला समोर ठेवून तो वरच्या पायरीवर बसल्यामुळे मी प्रथमच त्याचा चेहरा नीट पाहिला. त्यावर पाठीइतक्याच सुरकुत्या होत्या. आणि तो मैदानाकडे तोंड करून बसल्यामुळे, हुक थांबवून त्याने मान वर केली तेव्हा, त्याने प्रथमच मैदान पाहिले. गोलंदाज धावत येत होता. दूर सीमारेषेवर एक खेळाडू गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, दम खात उभा होता. निंबा त्याच्याकडेच बघत राहिला. (हे मला मागाहून त्याच्याच बोलण्यातून कळले.)

"मैदान इतलं हिरवं शे का रे, भिकन?"

"आते देखं का? पाच वरीस व्हयनात तुले आठे!"

तेवढ्यात प्रचंड गलका झाला. कोण जिंकले, ते मला पाहता आले नाही. त्या वेळी माझे तोंड निंबाकडे होते.

सामना संपल्यावर भूपेंद्रभाईंनी तीन पास गोळा केले. निंबाने न सांगता आपला गळ्यातून काढून दिला. भूपेंद्रभाईंनी तो घेताना त्याच्याकडे पाहिले नाही. "काका, टाकी ले जाओ घर," ते म्हणाले. "भंगारमें जायेगी. तुमारे पास रहे तो अच्छा."

घरी मालतीबाईने विचारले, "झबलं कामे उनं का?"

"उनं ना," निंबा म्हणाला. "आज पाठ जळनी नही."

तो खोटे बोलला नाही. पास कोठे आहे, हे तिने विचारले नाही, कारण ज्या खुंटीवर तो रोज टांगलेला असे, ती रिकामी खुंटी तिला दिसत होती. टोपी धुवावयास घेताना तिच्या बोटाला ते भोक लागले. ती कितीतरी वेळ त्यातून बोट आरपार घालून बसली. उसवलेले टाके तोडलेले नाहीत, सोडवलेले आहेत, हे काठ शिवणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी निंबा शिवलेल्या साड्यांचा गठ्ठा पोहोचवून पर्वत पाटियाहून परत आला, तेव्हा मी दाराशी झबले घालून उभी होते. टोपीच्या मधोमध, त्या भोकाभोवती, मालतीबाईने जरीच्या धाग्याने बारीक काज करून ठेवले होते. निंबाने ते अंगठ्याने दोनदा पुसले. आणि मी, मित्रांनो, मनसोक्त श्वास घेतला.

त्यानंतर निंबा चलथाणला गेला. तीन दिवसांत परत आला. कमरेने साथ दिली नाही. आता तो मला लाकडी घडवंचीवर ठेवून लूमच्या कारखान्यासमोर सुटीच्या भोंग्याला उभा करतो, आणि रविवारी गोडादऱ्याच्या मोकळ्या मैदानावर नेतो. तेथे मुले टेनिसच्या चेंडूने खेळतात. सुखाचे दिवस आले असे म्हणवत नाही. चूल विझलेली नाही इतकेच. परंतु तेथे मला खाली ठेवण्यास मनाई नाही. तो माझ्या शेजारी बसतो आणि आम्ही दोघे एकाच दिशेला तोंड करून सामना पाहतो.

तरी माझी आपणांस हात जोडून विनंती आहे. पुढच्या वेळी सामन्याला जाल तेव्हा ओझे घेऊन पायऱ्या चढणारा मनुष्य दिसला तर आपले पाय आवरून त्याला वाट द्या, आणि हाक मारण्याऐवजी हात वर करा. कदाचित त्याला ऐकू येत नसेल. त्याचे ओझे क्षणभर खाली टेकू द्या. आणि ज्याला तुम्ही मायेने गुंडाळता, त्याला जरूर गुंडाळा, पण त्याचे नाक उघडे आहे ना, हे एकदा हात लावून पाहा. थकलेली वस्तू सांगत नाही. थकलेला मनुष्यही सांगत नाही.

मला वाचा नाही, म्हणून ज्याच्या पाठीवर मी राहिले त्यानेच माझ्या वतीने लेखणी धरली. लेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या असतील तर त्या टाकीच्या नव्हेत, माझ्या आहेत. आपण शेवटपर्यंत वाचले, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
निंबा चिंधा बडगुजर
गोडादरा, सुरत